अंकलची पट्टी

शास्त्रवाचन : १ शमुवेल १६:१४–२३, १ शमुवेल १९:९–१२, १ इतिहास २५



फेस्ताच्या गडबडीमुळे या वेळचं मनन उशिरा लिहिते आहे. खरं सांगायचं तर गडबड हे निमित्त. कारण वेगळं आहे आणि ते सांगायला मला थोडी लाज वाटते.

फेस्ताच्या संध्याकाळी आभाराची जी यादी वाचली गेली, ती मी टाइप केली होती. मांडववाले, साउंडवाले, वेदीसाठी फुलं देणारी कुटुंबं, नोव्हेनाचे नऊ प्रायोजक, पंगत वाढणारी मुलं, बाहेरून आलेले प्रवचनकार, गायकवृंदाच्या प्रमुख बाई. दोन पानं भरली. मधेच लाइट गेली म्हणून जनरेटरवाल्याचं नावही ऐनवेळी पेनाने घातलं. टाळ्या झाल्या. मग समारोपाचं गीत सुरू झालं. त्याचा पहिला स्वर ज्यांनी दिला, त्यांचं नाव दोन्ही पानांत कुठेच नव्हतं.

ते आमचे ऑर्गनवाले अंकल. इथेही त्यांचं नाव देत नाही, कारण त्यांनीच ‘नको गो बाय’ म्हणून सांगितलंय. नाव घ्यायला हवं असं सांगणाऱ्या लेखातच नाव नाही, हा विनोद मला कळतो. पण त्यांचा शब्द मोडवत नाही.

अंकल रेल्वेतून निवृत्त झाले. लोंढ्यात हे काही नवल नाही. आमच्या गावात प्रत्येक तिसऱ्या घरात एक तरी रेल्वेचा डबा, पास नाहीतर पेन्शन असतं. तीस वर्षांहून अधिक काळ ते चर्चमध्ये वाजवताहेत. आधी हाताच्या पेटीवर, मग भात्याच्या ऑर्गनवर (त्याचा भाता उंदरांनी खाल्ला, ती कथा पुन्हा कधीतरी) आणि आता कीबोर्डवर. कुणाची पट्टी कुठली हे त्यांना तोंडपाठ. अमुक सिस्टरांना काळी चार, तमुक मुलीला पांढरी पाच, सर्दी झाली असेल तर एक खाली. स्तोत्र म्हणणारी व्यक्ती वेदीजवळ जाऊन उभी राहीपर्यंत त्यांचं बोट योग्य ठिकाणी पोचलेलं असतं. कुणी मधेच पट्टी सोडली तर अंकल तिच्यामागे जातात, मंडळींना कळतसुद्धा नाही. लोक म्हणतात, आज छान गायली हो ती.

सोमवारी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. ते हसले, चहा ठेवायला सांगितला, आणि माझी माफी कुठल्याकुठे राहून गेली. कारण टेबलावर एक लांबडी वही होती. जुन्या रजिस्टरसारखी, कडा मळलेल्या. उघडली तर आत गीतं. मराठी शब्द, वर पेन्सिलीने सुरांची अक्षरं. पस्तीसेक तरी असतील. पहिल्यावरची तारीख माझ्या शाळेच्या दिवसांतली होती.

“कुणाची ही?”

“माझीच.”

“चर्चमध्ये कधी म्हटली नाहीत ती?”

“एकदा दिलं होतं एक. विचारून सांगतो म्हणाले.” त्यांनी बशीत चहा ओतला. “असेल, विचारत असतील अजून.”

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक माणूस फिरतो आहे. तुम्ही त्याचं नाव नक्की ऐकलेलं आहे. पण त्याचं संगीत बहुधा ऐकलेलं नाही.

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यात ईस्टरच्या नाचात अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि स्वतःची ओळख सांगतो : अँथनी गोन्साल्विस. देशभर पोरं ते नाव ओरडत होती. आपल्याकडच्या लग्नांत आजही बँडवाले ती चाल वाजवतात. हे नाव काल्पनिक नव्हतं. लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालना ज्यांनी व्हायोलिन शिकवलं, ते हे अँथनी गोन्साल्विस. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात ओवलं.

ते मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. जन्म १९२७. हे माजोर्डा स्टेशन आपल्याच लाइनवर आहे, वास्को–मडगाव–कुळे–कॅसलरॉक–लोंढा, बरं का. गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हा कॅसलरॉकला जकातीची तपासणी होई आणि मग गाडी आमच्या लोंढ्याला येई. कामासाठी मुंबई-पुण्याकडे निघालेली गोव्याची किती माणसं या फलाटावर चहा प्यायली असतील, आणि त्यांत व्हायोलिनच्या किंवा ट्रम्पेटच्या पेट्या सांभाळणारी किती असतील! आमच्या गावातून संगीत गेलंय असं मी म्हणते तेव्हा पोरं हसतात. पण एका अर्थी ते खरंच आहे.

ही माणसं संगीत शिकली कुठे? चर्चमध्ये. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेली शाळा असे आणि तिथला मेस्त मुलांना सूर वाचायला, गायला, व्हायोलिन धरायला शिकवी. अँथनीचे वडील स्वतःच चर्चच्या गायकवृंदाचे मेस्त. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. कागदावरचे ठिपके बघून वाजवता येणं ही त्या मुलांची मोठी मिळकत होती, कारण मुंबईच्या सिनेमाला तेव्हा नेमकी तीच माणसं हवी होती. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधत. पण ती चाल मोठ्या वाद्यवृंदाला वाटून द्यायची, कुणी कुठे थांबायचं, व्हायोलिनांनी काय भरायचं, पियानोने कुठे उत्तर द्यायचं, हे सगळं कागदावर उतरवणारा कुणीतरी लागे. त्याला अरेंजर म्हणत. शंकर–जयकिशन यांच्या गाण्यांमागे वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसूझा होते. अँथनी १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईत आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे अरेंजर झाले.

त्या काळचं ध्वनिमुद्रण आजच्यासारखं तुकड्यातुकड्यांनी होत नसे. गायिका, व्हायोलिनं, ढोलक, पियानो, सगळे एकाच वेळी, एका दमात. शेवटच्या ओळीला एकाचा गज घसरला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एका साध्या वादकाच्या हातात सगळ्या गाण्याचा जीव. आणि पडद्यावर त्याचं नाव नाही. ‘अंदाज’मध्ये (१९४९) दिलीपकुमार पियानोपाशी बसून गातो ते आठवा. चेहरा त्याचा, गळा मुकेशचा. बोटं कुणाची? पियानो हे मोठं लबाड वाद्य आहे. जो त्याच्यासमोर बसतो तोच वाजवतोय असं सगळ्यांना वाटतं.

मी इथे थोडी थांबते, कारण पुढची गोष्ट सांगताना माझा सूर चुकू शकतो. ‘बिचारे वादक’ असा सूर मला लावायचा नाही. दुसऱ्याच्या गाण्याला साथ करणं हे हलकं काम नाही आणि ती काही वर चढण्याची पायरीही नाही. आमच्या गायकवृंदात एक हुशार मुलगा आहे, त्याला आत्ताच ‘सोलो’ करायचंय. मोबाइलवर तयार ट्रॅक लावून तो गातो, गळा चांगला आहे. त्याला मी तोंडावर सांगितलंय की आधी दोन वर्षं अंकलच्या शेजारी बसून रविवारच्या शाळेतल्या पोरांच्या गाण्यांना वाजव. ट्रॅक तुझ्यासाठी थांबत नाही, तू ट्रॅकसाठी पळतोस. माणूस माणसासाठी थांबतो, हे शिकायला साथीला बसावं लागतं. तो रागावला. रागावू दे.

पण अँथनी गोन्साल्विस यांना स्वतःचंही काही म्हणायचं होतं. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचं त्यांचं स्वप्न होतं. सिनेमात तीन मिनिटांच्या गाण्यात मधल्या जागा भरायच्या. त्यांना पूर्ण रचना हवी होती, आपल्या नावाची. त्यांनी राग सारंगावर कॉन्चेर्तो लिहिला, इतर रचना केल्या. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा केला. त्यासोबत गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे उभे राहिले. डोळ्यांसमोर आणून बघा. जे वादक रोज काचेआड बसून दुसऱ्याची गाणी वाजवत, ते त्या दिवशी आपल्यातल्याच एकाचं संगीत लोकांसमोर वाजवत होते.

आणि मग? पुढे ते फार चाललं नाही. १९६५ साली ते सिरॅक्यूज विद्यापीठाच्या अनुदानावर अमेरिकेला गेले. काही वर्षांनी परतले ते माजोर्ड्याला, आपल्या गावी. सिनेमात पुन्हा रमले नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये वारले. या सगळ्याच्या मधे केव्हातरी ते अंड्यातून बाहेर आलेलं नाव देशभर झालं. ज्याच्या सारंगातल्या कॉन्चेर्तोचा एक स्वरही कुणी गुणगुणत नाही, त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी.

प्यारेलालना मी दोष देत नाही. त्यांनी गुरूचं ऋण फेडलं, तेही उघडपणे. असे शिष्य किती जणांना मिळतात! दोष असलाच तर आपल्या कानांचा आहे. नाव घेणं सोपं असतं. त्या नावाने काय म्हटलंय ते बसून ऐकणं कठीण. आभाराच्या यादीत अंकलचं नाव राहिलं ही माझी चूक होती; पण पुढल्या वर्षी नाव घालून, शाल देऊन मी मोकळी झाले असते तर ती दुसरी चूक झाली असती, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नसती.

आता शास्त्रभागाकडे येते, कारण मला वाटतं ही गोष्ट आपल्या पवित्र शास्त्रात फार आधी येऊन गेलेली आहे. दावीद आपल्याला गल्याथामुळे माहीत असतो, राजा म्हणून माहीत असतो. पण तो राजवाड्यात आला तो साथीदार म्हणून. शौल अस्वस्थ होई, तेव्हा वीणा वाजवायला माणूस हवा होता. सेवकांनी नाव सुचवलं. दावीद वाजवी आणि शौलाला बरं वाटे. एकोणिसाव्या अध्यायात तोच शौल, दावीद वाजवत असताना, त्याच्यावर भाला फेकतो. वाजवणाऱ्याचे हात वीणेवर असतात, ढालीवर नाही. त्याच रात्री शौलाची माणसं त्याच्या घरावर पाळत ठेवतात आणि बायको मीखल त्याला खिडकीतून उतरवते. आता स्तोत्रसंहिता उघडा आणि एकोणसाठाव्या स्तोत्राचं शीर्षक वाचा. नेमका तोच प्रसंग तिथे नोंदलेला आहे. म्हणजे दुसऱ्याचा आजार शमवायला जे वाजवणं चाललं होतं ते भाल्याने थांबलं, आणि शीर्षक सांगतं त्याप्रमाणे त्याच रात्रीतून दावीदाचं स्वतःचं गीत आलं. पुढे त्र्याहत्तर स्तोत्रांवर त्याचं नाव आहे. या नावांना देवाच्या मंदिरात कुणी गर्व म्हटलं नाही.

उलट पहिल्या इतिहासाचा पंचविसावा अध्याय बघा. आपण वाचताना तो गाळतो, कारण नावंच नावं. आसाफ, हेमान, यदूथून, त्यांचे मुलगे, मग चोवीस चिठ्ठ्या आणि प्रत्येक चिठ्ठीला एक नाव. एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी तरबेज गाणारे-वाजवणारे. लहानमोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या, असंही तिथे लिहिलं आहे. ज्याला आपण कंटाळवाणी यादी म्हणतो ती खरं तर आभाराची यादी आहे, आणि ती टाइप करणाऱ्याने माझ्यासारखी चूक केलेली नाही.

पण शास्त्रात दुसरंही आहे. २ राजे, तिसरा अध्याय. अलीशाला देवाचा शब्द हवा आहे आणि तो आधी एक वाजवणारा मागवतो. वादक वाजवतो, आणि मग परमेश्वराचा हात अलीशावर येतो. तो वादक कोण होता? नाव नाही. आला, वाजवलं, गेला. मला तो माणूस फार आवडतो. त्याच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण आमच्या कौन्सिलच्या बैठकीत मी अंकलच्या वहीचा विषय काढला तेव्हा याच वादकाचं उदाहरण मला देण्यात आलं. सेवा करायची तर नाव कशाला? प्रभूला ठाऊक आहे. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये.

हे ऐकून मी गप्प बसले, आणि घरी येताना उत्तर सुचलं, जसं नेहमी होतं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे दान देणाऱ्याने स्वतःशी पाळायचं आहे. घेणाऱ्याने ते देणाऱ्याला ऐकवायचं नाही. माझं नाव नको असं अंकल म्हणतात ती नम्रता. तुझं नाव नको असं आपण त्यांना म्हणतो तो आळस आहे, कधी कधी कंजूषपणाही. आणि एक निरीक्षण : ‘नाव कशाला’ असं म्हणणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा देणगीच्या फरशीवर कोरलेली असतात. (कामगार आपल्या मजुरीस पात्र आहे हे प्रभूने शिष्यांना सांगितलंय, पण नाताळच्या एका पाकिटात वर्षभराच्या रविवारांचा हिशेब बसवायची आपली कला वेगळीच आहे. त्यावर स्वतंत्र लिहीन, आज नाही.)

बैठकीत दुसरा मुद्दा आला तो जास्त खरा होता. उपासनेत कुठली गीतं म्हणायची याला नियम आहेत. मान्यता असलेली गीतंच मिस्सेत म्हणावीत. आज एकाची वही घेतली तर उद्या सगळे वह्या घेऊन येतील. शिवाय सगळी गीतं चांगली असतील कशावरून?

नसतीलच. मी अंकलची वही घरी आणून पूर्ण वाचली. पस्तीसांपैकी सात-आठ मला खरोखर भिडली. काही फारच संथ आहेत, लग्नाचं गीतसुद्धा दफनविधीच्या चालीत जातं. काही ठिकाणी यमक जुळवायला बिचाऱ्या ‘प्रीती’ला उगाच ‘भीती’शेजारी उभं केलंय. पण टिळकांचं नाव आपण अभिमानाने घेतो ना? रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. शंभर वर्षं होऊन गेली आणि अजून आपण त्यांच्याच शब्दांवर जगतो. त्या वेळी कुणीतरी म्हणालंच असेल की पाश्चात्त्य चालींची भाषांतरं आहेत ना, मग अभंगात आणि भजनात ख्रिस्त कशाला? कुणाच्या तरी वहीला कधीतरी चर्चचं दार उघडावं लागतं. मिस्सेत नको तर नको. नोव्हेनाच्या आठव्या संध्याकाळी म्हणा, नाताळच्या कार्यक्रमात म्हणा, कुटुंबप्रार्थनेत म्हणा.

चर्चला हे दार उघडायला किती वेळ लागतो, याचं एक उदाहरण परदेशातलं आहे आणि तो माणूस तर पियानोवालाच होता. थॉमस डोर्सी. जन्म १८९९, अमेरिकेतल्या जॉर्जियाचा, बाप उपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. पोरगा मात्र शिकागोला जाऊन ब्लूज वाजवू लागला. मा रेनी या त्या काळच्या प्रसिद्ध गायिकेच्या बँडचा तो पियानोवादक. ध्वनिमुद्रिकांवर दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करी, उडत्या गाण्यांतून पैसा आणि नावही मिळालं. मग तो भक्तिगीतं लिहू लागला. शेकडो प्रती छापून टपालाने चर्चना पाठवल्या, कित्येक महिने कुणी विचारलं नाही. मोठ्या चर्चमधल्या लोकांना ती चाल दारूच्या गुत्त्यातली वाटे. आणि खरं सांगायचं तर चाल तिथूनच आली होती. माणूसही तिथूनच आला होता.

ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुईसला सभेत गात असताना तार आली : बाळंतपणात बायको गेली. तो घरी पोचला, आणि लवकरच बाळही गेलं. अनेक दिवस तो देवावर रुसून होता, संगीत सोडून द्यावं असं त्याला वाटत होतं. मग एका संध्याकाळी मित्राच्या सोबतीने तो पियानोपाशी बसला आणि एका जुन्या स्तोत्राच्या चालीवरून बोटं फिरवता फिरवता त्याला शब्द सुचले. ते ‘प्रेशस लॉर्ड’. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते आवडतं गीत, १९६८ साली त्यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सनने ते गायलं. डोर्सी १९९३ पर्यंत जगला. ज्या मंडळ्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांच्याच गीतपुस्तकांत तो जाऊन बसला.

मला या कथेत बायकोच्या मृत्यूपेक्षा (तो तर कुणालाही रडवील) त्या टपालाने पाठवलेल्या पाकिटांचं जास्त वाटतं. कुणीतरी एका चर्चमध्ये ते पाकीट उघडलं असेल, दोन ओळी वाचल्या असतील आणि ‘विचारून सांगतो’ म्हणून कपाटात टाकलं असेल. तो कुणीतरी मीच असते, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आपल्याकडे असा कुणी ऐकला गेला का? गेला. फ्रँक फर्नांड. गोव्याचेच, ट्रम्पेट आणि व्हायोलिन वाजवणारे, वर्षानुवर्षं हिंदी सिनेमाच्या नामवंत संगीतकारांचे सहायक. त्यांनी आपल्या भाषेत सिनेमे काढले, ‘आमचें नशीब’ १९६३ मध्ये आणि ‘निर्मोण’ १९६६ मध्ये. कोंकणी माणसाने ती गाणी डोक्यावर घेतली. ‘निर्मोण’वरून तर पुढच्याच वर्षी हिंदीत ‘तकदीर’ निघाला. अँथनी आणि फ्रँक यांच्यात कोण मोठा हा प्रश्नच नाही. मला एवढंच दिसतं की एकाच्या समोर ओळखीची माणसं बसली होती आणि त्यांनी ऐकलं. दुसऱ्याचं संगीत कुणाचं, भारतीयांचं की पाश्चात्त्यांचं, हे ऐकणाऱ्यांना ठरवता आलं नाही. पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांची अकॉर्डियनची तबकडी आमच्या शेजाऱ्यांकडे होती, वर त्यांचं ठळक नाव. पण चाली सगळ्या सिनेमातल्याच. लोकांना साथीदार हवा असतो तो ओळखीच्या चालीसकट. नवी चाल घेऊन आला की आपण त्याला म्हणतो, ते नको हो, तुम्ही आपलं ते जुनं वाजवा.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि ती फक्त आमच्या चर्चपुरती नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूरकडे, कुठेही तुम्ही हे वाचत असाल, तर येत्या रविवारी उपासना संपल्यावर तुमच्या पेटीवाल्यापाशी, कीबोर्डवाल्यापाशी, तबलेवाल्यापाशी जा. छान वाजवलं म्हणू नका. तुमचं स्वतःचं काही आहे का, एवढं विचारा. नसेल तर नाही; अलीशाच्या त्या वादकाला बहुधा काही नव्हतं, आणि त्याचं काम पुरं होतं. असेल तर बसून एक तरी पूर्ण ऐका. मधे मोबाइल बघू नका.

गेल्या गुरुवारी सरावानंतर आम्ही चौघं थांबलो. दोन मुली, मी आणि तो ट्रॅकवर गाणारा मुलगा, तोही थांबला. मी वही कीबोर्डवर ठेवली आणि बारावं गीत उघडलं, फलाटावर रात्री वाट बघणाऱ्या माणसाची प्रार्थना आहे ती. मुलींनी म्हणायची तयारी केली होती, पण मी म्हटलं, “अंकल, आधी तुम्ही म्हणा. कसं म्हणायचं ते कळू दे.”

त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला आणि थांबले. सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, “पट्टी कुठली?”

“तुमची कुठली?”

अंकलनी काळी एक दाबून बघितली. मग पांढरी दोन. मान हलवली. मुलगा उठून त्यांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसला. त्याने हळूच एक खालची पट्टी दाबून धरली आणि म्हणाला, “ह्यात बघा, अंकल.”

बाहेर गोव्याकडून येणारी गाडी फलाटाला लागत होती. ती थांबेपर्यंत आम्ही थांबलो.